राजाच्या डोक्यात हवा

तेरावा राजाही बिनमुकुटाचाच पडला.

दादांनी मशीनचं दार सरकवलं, गरम घोस बाहेर काढला आणि त्याच्याकडे न बघताच अक्कांच्या टेबलावर ठेवला. मधल्या जाड दांड्याला दोन्ही अंगांनी बुद्धिबळाचे सोळा मोहरे लटकलेले होते. आठ प्यादी गुटगुटीत, हत्ती ठणठणीत, घोड्यांच्या आयाळीचा केस न् केस उमटलेला, वजीर तर समारंभाला निघाल्यासारखा. आणि दांड्याच्या पार टोकाला राजा. खांद्यापर्यंत रुबाबदार, त्यावर काहीच नाही.

अक्कांनी पक्कडीनं एकेक मोहरा तोडला आणि रांगेत लावला. राजाला मात्र त्यांनी वेगळं काढलं आणि सकाळपासूनच्या बारा राजांशेजारी उभं केलं. दवाखान्यात नंबर लावल्यासारखे तेरा बोडके राजे टेबलाच्या कडेला उभे राहिले.

"तुझ्या काकाला सांग," दादा मुलीला म्हणाले, "मोल्डमध्ये राजाचं तोंड बारीक ठेवलंय. माल आत जाणार कुठून?"

काका, म्हणजे अप्पा, तिथून चार पावलांवर होते. वर्तमानपत्र धरावं तसं ड्रॉइंग तोंडासमोर धरून ते म्हणाले, "तुझ्या बाबांना सांग, तोंड बरोबर आहे. मशीनच्या अंगात जोर नाही."

भिंगरीनं दोन्हीपैकी एकही निरोप पोचवला नाही. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं हे नाव इंजिनिअर झाल्यावरही तिला चिकटून होतं. पहिलं वर्षभर तिनं बाप आणि काका यांच्यामध्ये शब्दशः टपाल वाहिलं होतं. दुसऱ्या वर्षी ती निरोप गाळून, नरम करून द्यायला लागली. आता तिसऱ्या वर्षी ती नुसती मान हलवायची, कारण ज्याला ऐकायचं त्यानं ऐकलेलंच असायचं.

दोघांच्या मधल्या चार पावलांवर एक पिवळी पट्टी होती. वाटणी झाली तेव्हा ती शेडच्या फरशीवर रंगवलेली. पट्टीच्या अलीकडे दादांची प्लॅस्टिकचा माल पाडणारी तीन मशीनं. पलीकडे अप्पांचं टूलरूम, म्हणजे लेथ, मिलिंग, ड्रिल आणि भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेल्या कानशी. एकाकडे मशीन, पण त्यात बसवायचा साचा, म्हणजे मोल्ड, नाही. दुसऱ्याकडे मोल्ड करण्याची कला, पण तो चालवायला मशीन नाही. ही वाटणी कुठल्या शहाण्यानं केली असं बाहेरचे लोक विचारत. ती या दोघांनीच केली होती, एकमेकांशी एक शब्दही न बोलता. थोरल्या बहिणीचा वाटा काढायची वेळ आली तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या की मला मशीन नको नि लेथ नको, माझं टेबल आहे तिथे राहू द्या. टेबल होतं बरोबर मधोमध. त्यामुळे त्याचे दोन पाय दादांच्या हद्दीत होते आणि दोन अप्पांच्या, आणि अक्का कुणाच्या बाजूच्या हे तीन वर्षांत कुणाला ठरवता आलं नव्हतं.

बुद्धिबळाची ऑर्डरही अक्कांनीच घेतली होती. शाळाशाळांतून बुद्धिबळ शिकवणाऱ्या एक बाई चौकशीला आल्या. त्यांना चारशे संच हवे होते, पोरांच्या हातून पडले तरी न फुटणारे. दोघे भाऊ त्या दिवशी बाहेर होते. अक्कांनी परस्पर हो म्हणून टाकलं, आणि मग अप्पांना सांगितलं की दादा तयार आहे, आणि दादांना सांगितलं की अप्पा तयार आहे. सात महिने खपून अप्पांनी मोल्ड केला. आज सुट्टीचा दिवस, कामगार नाहीत, घरचेच पाच जण, आणि चार वाजता बाई नमुना बघायला येणार होत्या.

पण आजच्या दिवसाला आणखी एक शेपूट होतं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कारखान्यानं अप्पांना बोलावलं होतं. टूलरूमचा मुख्य म्हणून, राहायला घरही देणार होते. पाच वाजेपर्यंत फोन करून कळवायचं होतं. मोल्ड चालला तर बघू, नाही तर जाऊ, असं अप्पांनी बायकोला सांगितलं होतं. काकूंनी ते अक्कांना सांगितलं, अक्कांनी भिंगरीला, आणि भिंगरीनं बाबांना. दादा त्यावर एवढंच म्हणाले होते की ज्याला त्याला आपापलं बरं कळतं. त्यानंतर दोन दिवस ते नीट जेवले नव्हते.

चौदावा घोस पडला. राजा तसाच.

अप्पांनी ड्रॉइंगआडून तो बघितला. मशीनला नावं ठेवायचं काम त्यांनी सकाळपासून चोख केलं होतं, पण मनातून त्यांना वेगळीच खात्री वाटत होती. चूक आपलीच आहे. वितळलेलं प्लॅस्टिक ज्या बारीक तोंडातून मोहऱ्याच्या पोकळीत शिरतं, त्या तोंडाची खूण मोहऱ्यावर राहते. राजावर ती दिसू नये म्हणून त्यांनी त्याचं तोंड इतरांपेक्षा लहान ठेवलं होतं. शोभेपायी राजा उपाशी राहिला. खिशात एक छोटी कानस त्यांनी घरून निघतानाच टाकली होती, तोंड मोठं करायला. पण ती बाहेर काढायची म्हणजे दादासमोर कबूल करायचं. त्यापेक्षा दुसऱ्या शहरात जाऊन राहिलेलं काय वाईट, असं त्यांना वाटत होतं, आणि असं वाटतंय याचाही राग येत होता.

दादांचा राग आणखी निराळा होता. ते मशीनच्या पडद्यापाशी असे उभे होते की त्यावरचे आकडे दुसऱ्या कुणाला दिसू नयेत. दाब त्यांनी सकाळपासून साठवर ठेवला होता. अशा कामाला ऐंशी तरी लागतो हे त्यांना तीस वर्षांपासून माहीत होतं. पण मोहरे आतून पोकळ. प्रत्येक मोहऱ्याच्या पोकळीत तळाकडून एक पोलादी पिन शिरलेली, आणि राजाची पिन सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत बारीक. तीन वर्षांपूर्वी शिट्टीच्या मोल्डमधली अशीच एक पिन दादांनी दाब चढवून वाकवली होती. अप्पांनी ती वाकडी पिन हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "दादाच्या हाताला दया नाही." भांडणात त्यानंतर बरंच काही बोललं गेलं, दोन्हीकडून. ते सगळं दादा विसरले. हे एक वाक्य मात्र रोज सकाळी दाढी करताना त्यांना आठवायचं.

म्हणून दाब साठवर होता. आणि म्हणूनच ते म्हणत होते की मोल्डचं तोंड बारीक आहे.

*

बाई चारच्या ऐवजी अडीचलाच आल्या. बसायला जागा नव्हती म्हणून काकूंनी त्यांना प्लॅस्टिकच्या दाण्यांच्या गोणीवर बसवलं, चहा दिला, आणि पुरुष माणसं गप्प आहेत याचा अर्थ काम बारकाईचं चाललंय असा सांगून टाकला. बाईंची नजर टेबलाच्या कडेला उभ्या असलेल्या चौदा राजांवर गेली. त्यांनी शांतपणे विचारलं की हे सगळे हरलेले आहेत का.

काकूंनी विषय बदलण्यासाठी हे सगळं चालतं कसं ते समजावून सांगायला घेतलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून जेवणाच्या ताटावर त्यांनी हेच ऐकलं होतं, त्यामुळे सांगताना त्या अडखळत नसत. वरच्या डब्यात हे पांढरे दाणे टाकायचे. खाली तापलेली नळी, आणि नळीत फिरणारा मोठा स्क्रू. तो दाण्यांना पुढे ढकलतो, चेपतो, रगडतो, तेव्हा ते वितळून मधासारखे घट्ट होतात. पुरेसं साठलं की तोच स्क्रू एका दमात सगळं मोल्डमध्ये रेटतो. मोल्ड म्हणजे एकमेकांवर घट्ट दाबलेले दोन पोलादी ठोकळे, आणि मध्ये मोहऱ्यांच्या आकाराच्या पोकळ्या. आत एक मोठी वाट, तिला फाटे, आणि फाट्याच्या शेवटी प्रत्येक मोहऱ्याचं आपापलं तोंड. भरलं की बाजूनं गार पाणी फिरतं, माल थिजतो, ठोकळे उघडतात आणि घोस बाहेर.

"आधी कोण भरतं?" बाईंनी विचारलं.

"जवळचे. प्यादी. राजा टोकाला आहे ना, त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत सगळ्यांची पोटं भरलेली असतात."

वेगवेगळे मोहरे एकाच मोल्डमध्ये असले की त्याला या धंद्यात फॅमिली मोल्ड म्हणतात, असं भिंगरीनं मध्येच सांगितलं. एक भरतो तर दुसरा अर्धा राहतो, सगळ्यांना सारखं मिळेल असं जमवणं फार अवघड. बाईंना ते नाव आवडलं. हातातल्या प्याद्याची कड बोटानं चाचपत अक्का म्हणाल्या की नाव ठेवणाऱ्याला भावंडं असणार.

पिवळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना कुणीही हसलं नाही.

बाई मग उठून मशीनजवळ गेल्या. पाहुण्या म्हटल्यावर दादांना बाजूला सरावं लागलं. बाईंनी पडद्यावरचे आकडे वाचले आणि निरागसपणे विचारलं की हे साठ म्हणजे काय. दादा म्हणाले, तापमान. बाईंना ते पटलं. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या भिंगरीला पटलं नाही, कारण साठ अंशांवर प्लॅस्टिक सोडा, मेणबत्तीही जेमतेम वितळते.

तिनं बापाकडे पाहिलं. दादांनी दाण्यांच्या डब्याकडे पाहिलं.

ती बोलली नसती. आजवर बापाची बरीच गुपितं तिनं पोटात ठेवली होती, आणि आई गेल्यापासून तर तो तिचा नेमच झाला होता. पण घड्याळात तीन वाजत आले होते, काकूंनी पदराच्या टोकाला दुसरी गाठ मारली होती, आणि काकू असं फक्त फार घाबरल्यावर करतात हे या शेडमध्ये तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. काकूंनीच तिची वेणी घालून तिला शाळेत पाठवलं होतं. काकू दुसऱ्या शहरात गेल्या असत्या तर भिंगरीनं कुणाला काही म्हटलं नसतं, पण तिचं घर अर्धं झालं असतं.

"बाबा, दाब साठ का ठेवलाय?"

"असू दे."

"ऐंशी लागतो. तुम्हीच शिकवलंय."

"मला शिकवू नको."

"मग सकाळपासून आपण चौदा राजे कशासाठी पाडले? तोंड बारीक आहे असं म्हणत होतात."

दादांनी हातातलं फडकं घडी करून मशीनवर ठेवलं, मग उचलून पुन्हा घडी केली. मोल्डवरच्या तेलाच्या डागावर ते एकदा फिरवलं. शेवटी ते बोलले, पण मुलीशी नाही आणि भावाशीही नाही. ते मोल्डशीच बोलल्यासारखे बोलले.

"पिन बारीक आहे," ते म्हणाले. "वाकली असती."

अप्पांनी ड्रॉइंग खाली घेतलं. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचं तोंड सगळ्यांना दिसलं, आणि ते पाहून काकूंनी पटकन दुसरीकडे मान वळवली.

अप्पांनी खिशात हात घातला आणि ती छोटी कानस काढून अक्कांच्या टेबलावर ठेवली. ठेवताना ते पुटपुटले की तोंडही बारीकच आहे, मी ठेवलंय, दिसायला बरं दिसावं म्हणून. मग भिंगरीला म्हणाले, "त्यांना सांग, चढवा म्हणावं ऐंशी. पिन वाकली तर मी दुसरी करीन. पिनाच करतो मी, दुसरं काय करतो?"

भिंगरीनं निरोप द्यायला तोंड उघडलं, पण दादांचं बोट आधीच बटणावर पोचलं होतं.

*

ऐंशीवर पहिला घोस पडला तेव्हा सगळेच टेबलाशी गोळा झाले. राजाला मान आली होती, चेहरा आला होता, मुकुटाचा खालचा काठही आला होता. त्यावरचे कंगोरे मात्र नव्हते, आणि जिथे असायला हवे होते तिथे एक तपकिरी डाग होता. पिन शाबूत होती. दादांनी ती टॉर्चनं तीनदा बघितली.

मग अप्पांनी पट्टीपलीकडून सांगितलं तसं भिंगरीनं त्या कानशीनं राजाचं तोंड थोडं मोठं केलं. पुढचा राजा आला, तोही तसाच, आणि डाग अधिक काळा. दाब पंच्याऐंशी केला. डाग कोळशासारखा.

आता दोघांचाही दोष संपला होता, आणि तरी राजा बोडकाच होता. भावांची यामुळे मोठी पंचाईत झाली. सकाळपासून एकमेकांना नावं ठेवायची सोय होती, आता तीही गेली. दोघेही टेबलाकडे बघत उभे राहिले.

अक्कांनी राजा उचलून नाकाशी नेला. चाळीस वर्षं त्या याच टेबलावर माल तपासत आल्या होत्या. त्यांचे डोळे अधू झाले होते, पण बोटं आणि नाक धडधाकट होतं.

"हा जळलाय," त्या म्हणाल्या.

दादा म्हणाले की तापमान बरोबर आहे, बाकीचे पंधरा जळले नाहीत, मग हाच कसा जळेल.

"ते तू बघ. मला जळल्याचा वास येतोय, तोही फक्त डोक्याला." त्यांनी राजाच्या मुकुटाच्या जागेवर अंगठ्याचं नख फिरवलं. "आत काहीतरी कोंडलंय. माल वर जातोय आणि कुणीतरी त्याला अडवतंय. राजाच्या डोक्यात हवा गेलीय, दुसरं काही नाही."

ते त्या विनोदानं बोलल्या होत्या. पण भिंगरी जागच्या जागी थांबली.

पोकळी रिकामी कधीच नसते, ती म्हणाली. तिच्यात हवा असते. माल आत शिरला की हवेला बाहेर पडावं लागतं. प्याद्यांतली हवा पिनांच्या फटीतून निघून जाते, पण राजाच्या मुकुटात ती टोकाला कोंडते. मागून माल येतो, हवा दाबली जाते, आणि सायकलचा पंप मारताना खालचं टोक तापतं तशी ती तापते, इतकी की प्लॅस्टिक जळतं. दाब वाढवला की आणखी जळणार. तिनं एका दमात हे सांगितलं आणि मग काकांकडे पाहून हळूच विचारलं की मोल्डचे दोन ठोकळे एकमेकांवर किती घट्ट बसतात.

अप्पांना उत्तर देताना अभिमान आवरला नाही. "हवासुद्धा जाणार नाही," ते म्हणाले.

म्हटल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. बाईंनाही आलं. त्यांनी चहाच्या कपात तोंड घातलं.

खात्री करायला भिंगरीनं एक युक्ती केली. मोल्ड उघडा असताना राजाच्या मुकुटालगत ठोकळ्याच्या सपाट भागावर तिनं पातळ चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले, ठोकळे मिटल्यावर तिथे किंचित फट राहावी म्हणून. दाब पुन्हा ऐंशीवर आणला. मशीन मिटलं, घरघरलं, थांबलं, उघडलं. घोस पडला. राजाच्या बाजूनं पातळ पापुद्रा बाहेर आला होता, त्यामुळे तो शाल पांघरून बसल्यासारखा दिसत होता. पण डोक्यावर मुकुट होता. सगळे कंगोरे, वरचा मणीसुद्धा.

काकूंनी टाळी वाजवली आणि लगेच हात पदरात लपवले, कारण बाकी कुणी वाजवली नव्हती.

खरं काम आता होतं. चिकटपट्टीवर चारशे संच निघत नाहीत. राजाच्या मुकुटापासून मोल्डच्या काठापर्यंत पोलादात एक चर कोरायला हवा होता, केसाहूनही उथळ. हवा जाईल पण प्लॅस्टिक जाणार नाही, इतकाच. दोन शतांश मिलिमीटर. तीन झाले तर राजाला कायमचा पापुद्रा.

अप्पा मागे सरले. आज नको, ते म्हणाले. पोलाद काढता येतं, परत लावता येत नाही. सात महिने घालवलेत त्यांनी यावर. हात बिचकला तर सगळं गेलं. आणि पाचला फोन करायचा आहे. ते तिकडे गेल्यावर इथे चूक दुरुस्त करायला कोण असणार?

काकू म्हणाल्या, "फोन केलाय."

"कुणी?"

"मी. गुरुवारी. सांगितलं त्यांना, येणार नाहीत म्हणून."

काकू पदराची गाठ सोडत होत्या आणि ती सुटत नव्हती, त्यामुळे त्यांना वर बघावं लागत नव्हतं.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही दादांवरच्या रागापायी हो म्हणाला असतात. मग जन्मभर तिकडे बसून इकडचं बोलला असतात, आणि ते मला ऐकावं लागलं असतं. मी त्यांना म्हटलं, ह्यांचं इथं एक काम अर्धवट आहे."

"कुठलं काम?"

"ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही."

अप्पांनी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून एवढंच कळलं की गुरुवारी फोन लावून कुणी दिला असेल. भिंगरीकडे पाहिलं, तर तिला ही बातमी नवी नव्हती; पाचच्या फोनवर काका तो नकार फिरवतील की काय, एवढीच तिला दुपारभर भीती होती. शेवटी त्यांची नजर दादांवर गेली. बातमी ऐकून तोंड उघडं राहिलेला त्या शेडमध्ये त्यांच्याखेरीज हा एकच माणूस होता, आणि त्यामुळे अप्पांना जरा बरं वाटलं.

दादांनी जाऊन मशीनचा मेन स्विच खाली ओढला. त्याला कुलूप घातलं, किल्ली अक्कांच्या हातात दिली, आणि टॉर्च घेऊन उभे राहिले.

*

दोन ठोकळ्यांच्या मध्ये हात घालायचा तर अप्पांना पट्टी ओलांडावी लागली. ती त्यांनी खाली न बघता ओलांडली. बाह्या सरसावून, मान वाकडी करून ते मशीनमध्ये कमरेपर्यंत शिरले आणि बारीक दगड तेलात बुडवून पोलादावरून फिरवू लागले. आवाज इतका बारीक की बाहेर उभ्या असलेल्यांना आपापले श्वास ऐकू येत होते.

"थोडा डावीकडे," अप्पा आतून म्हणाले.

दादांनी टॉर्च हलवला. "एवढा?"

"डोळ्यात येतोय."

"तुझ्याच डोक्याची सावली पडतेय."

"मग डोकं कुठे ठेवू?"

"खाली घे. लहानपणापासून तुला सांगतोय, खाली वाकायला शीक."

"तू आधी टॉर्च नीट धरायला शीक."

भिंगरीनं श्वास रोखून काकूंचा दंड धरला. बाईंना काय झालं ते कळलं नाही, त्या काहीतरी विचारणार होत्या. अक्कांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना थांबवलं, मग त्याच बोटानं बाकीच्या दोघींनाही. तीन वर्षांत पहिल्यांदा हे दोघं एकमेकांशी थेट बोलत होते आणि त्यांच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. कुणी खोकललं असतं तरी लक्षात आलं असतं.

अप्पांनी खोली मोजायचं डायलगेज लावलं. काटा दीड घर, म्हणजे दीड शतांश, सरकला होता. दादांनीही वाकून पाहिलं आणि म्हणाले की बस झालं, चालवून बघू. अप्पा म्हणाले, अजून चार हात मारतो. दादा म्हणाले, तू नेहमी एक हात जास्त मारतोस. अप्पा म्हणाले, आणि तू नेहमी एक घास आधी उठतोस. यावर दोघांची बरीच बाचाबाची झाली. तिच्यात लहानपणची एक सायकल, एक हरवलेला पाना आणि वडिलांनी कुणाला आधी मशीनला हात लावू दिला हे सगळं येऊन गेलं. त्या सगळ्या वेळात टॉर्च मात्र जागचा हलला नाही. शेवटी अप्पांनी दोन हात मारले. काटा बरोबर दुसऱ्या घरावर आला.

अक्कांकडून किल्ली घेतली. स्विच वर गेला. मशीन मिटलं.

पहिला घोस दादांनी रिवाजाप्रमाणे फेकून दिला. दुसरा त्यांनी काढला, पण टेबलावर ठेवला नाही. तसाच अप्पांच्या हातात दिला, आणि तो इतका गरम होता की अप्पांनी तो या हातातून त्या हातात झेलत अक्कांपर्यंत नेला. अक्कांनी राजा तोडला, नखानं चाचपला, नाकाशी नेला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मुद्दाम वेळ लावला.

"हं," त्या म्हणाल्या, आणि राजा बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो टेबलावर उभा करून टिचकीनं पाडला, पुन्हा उभा केला. पडल्यावर टवका उडाला नाही. तळाला जरा वजन हवं, त्या म्हणाल्या, आणि घोडे इतके रागावलेले का दिसतात असं विचारलं. अप्पा म्हणाले की घोडे करताना मन:स्थिती बरी नव्हती. बाईंनी रागावलेले घोडे चालतील असं सांगितलं, चारशे संच पक्के केले, आणि बरोबर आणलेला पुठ्ठ्याचा पट मोहऱ्यांची मापं जुळवून बघायला ठेवून गेल्या.

काकू आणि भिंगरी बाईंना सोडायला फाटकापर्यंत गेल्या. तिथे उभ्या उभ्या बराच वेळ बोलल्या. काकूंच्या पदराची गाठ भिंगरीनं सोडून दिली. परत आल्या तेव्हा मशीन गार होत होतं आणि अक्का टेबलाशी नव्हत्या. त्या एका गोणीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, कारण टेबल हातचं गेलं होतं.

टेबलावर पट मांडलेला होता. दोन्ही बाजूंचे मोहरे लागतात म्हणून आणखी एक घोस काढला होता, आणि पटाच्या दोन्ही टोकांना दोघे भाऊ बसले होते. दहा-बारा चाली होऊन गेल्या असाव्यात. मोहरे पटाच्या मध्यावर एकमेकांत चांगलेच मिसळले होते. काळे दाणे अजून यायचे होते, त्यामुळे सगळेच मोहरे पांढरे.

"माझा घोडा ठेव खाली," दादा म्हणाले.

"तुझा कसा? मी आत्ताच इथून उडवलाय."

"इथून मी उडवला. तुझा तिकडे आहे, हत्तीच्या मागे."

"तो हत्ती कुणाचा?"

दादांनी हत्तीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. भिंगरीनं खिशातून पेन काढलं आणि म्हणाली की द्या इकडे, एका बाजूच्या मोहऱ्यांवर खूण करून देते, एका मिनिटात काम होईल.

"काही गरज नाही," दोघे म्हणाले, आणि अप्पांनी तो हत्ती उचलून दोन घरं पुढे नेला.